फक्कीनं आखलेलं गाव

बीड जिल्ह्यात तलाव बघायला चालले आहे असं मी सांगितलं, तेव्हा आमच्या चिपळूणच्या शेजारीणबाई पदर तोंडाला लावून हसल्या. "अहो, तिकडची माणसं पाणी बघायला आपल्याकडे येतात," म्हणाल्या. त्यांचं खोटं नव्हतं. आमच्याकडे पाणी बघायला कुठं जावं लागत नाही, ते न बोलावता घरात येतं आणि कपाटातल्या साड्यांवर आपली रेघ ठेवून जातं. पण मला तलावापेक्षा तिथली पाखरं बघायची होती. एसटीच्या कंट्रोल केबिनमध्ये जन्म काढल्यावर, निवृत्तीनंतर मला पाखरांचं वेड लागलं. ती कुठं चालली आणि किती वाजता पोचणार हे त्यांना कोणी विचारत नाही, याचं मला फार बरं वाटतं.

आणि बोलावणं टाळता येण्यासारखं नव्हतं. माझी मुलगी त्या भागातल्या घरात दिलेली आहे. ती आणि जावई पुण्याला असतात. तिचे सासरे, म्हणजे माझे व्याही, गावीच असतात, आणि सगळी पंचक्रोशी त्यांना अण्णा म्हणते. त्यांनी मला मागच्या उन्हाळ्यात एक धूसर फोटो पाठवला होता. पिवळी चोच, डोक्यावर काळी टोपी, अंग चांदीसारखं राखी. 'ही पाखरं कोनती?' एवढंच खाली. मी उत्तर पाठवलं, नदी सुरय. त्या दिवसापासून अण्णांना दुसरा विषय राहिला नाही. या वर्षी चैत्र लागला तसा त्यांचा फोन आला. "विहीणबाई, तुमी आल्याबिगर अंडी फुटायची न्हाईत."

चौसाळा

हायवेवर चौसाळ्याला उतरले तर ऊन असं, की डोळ्यांपुढचं दुकान हलताना दिसावं. अण्णा जीप घेऊन उभे होते. पांढरे कडक कपडे, खिशाला पेन, गळ्यात उपरणं. माणूस सत्तरीच्या घरातला, पण चालणं अजून कबड्डीतल्या चढाईसारखं, कधी कुठून अंगावर येईल सांगता यायचं नाही. तरुणपणी ते संघाचे कप्तान होते. पुढं राजकारणात गेले, दोनदा निवडून आले, तिसऱ्यांदा पडले, आणि पडल्यापासून जास्त बोलतात असं माझ्या विहीणबाई सुलोचनाताई सांगतात.

जीप लिंबागणेशच्या बाजूला वळली. दोन्ही बाजूंना बालाघाटाच्या सपाट टेकड्या, मध्ये नांगरून उघडी टाकलेली काळी रानं. हिरवं काय ते एखादं कडुनिंब. मी मनातल्या मनात आमची आंब्याची कलमं आठवली आणि लगेच गप्प बसवली, पाहुणीनं तुलना करू नये म्हणून.

घरी जेवायला येसराची आमटी होती, ज्वारीची पातळ भाकरी, शेंगदाण्याची चटणी, बुक्कीनं फोडलेला कांदा, आणि खास माझ्यासाठी तलावातला रोहू. खाडीच्या माणसाला तळ्यातला मासा म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. तरी मी दोन तुकडे संपवले. येसर मात्र मी मागून घेतला. भाजलेल्या धान्याचा आणि मसाल्याचा तो खमंग वास अजून माझ्या पिशवीला आहे, कारण सुलोचनाताईंनी निघताना डबा भरून दिला.

जेवताना अण्णांनी सगळा डाव सांगितला. उन्हाळ्यात तलाव आटतो तसं मधलं एक उंच बेट मोकळं होतं. त्यावर ही पाखरं उघड्या गाळावर अंडी घालतात. पाणी हटलेल्या जमिनीत पेरायची इथं जुनी रीत आहे, गाळपेर म्हणतात तिला. वैरणीची टंचाई, त्यामुळं या साली बेटावरसुद्धा रोटाव्हेटर फिरवून कडवळ टाकायचं असं गावात ठरलं होतं. अण्णांनी ते जत्रेपर्यंत थोपवून धरलं होतं. जत्रेच्या दिवशी वनखात्याचे साहेब येणार. त्यांनी पिलं बघितली, वर शिफारस केली, तर बेट राखीव होईल.

"नायगावला मोरांचं अभयारण्य हाय, मग आमच्या पाखरांचं कावून हू न्हाई?" अण्णा म्हणाले.

"आन् सायबानं शिफारस न्हाई केली तर?" सुलोचनाताईंनी भाकरी थापता थापता विचारलं.

"तर दुसऱ्या दिशी ट्रॅक्टर चढंल. मी शब्द दिलाय गावाला."

उद्यान

संध्याकाळी तलावावर गेलो. भिंतीच्या पायथ्याशी एक उद्यान आहे. त्याची कोनशिला अण्णांच्या नावाची, म्हणून तिच्यापासून सुरुवात. आत सिमेंटचे चार रोहित पक्षी. रंगाचे पोपडे गेलेले, एकाच्या पायाचं सिमेंट झडून नुसती सळई राहिलेली, त्यावर तो बिचारा उभा. कारंजाच्या हौदात शेळ्या बसल्या होत्या. झोक्याला साखळ्या होत्या, पाट नव्हते.

"पानी न्हाई म्हनून, न्हाईतर लई नामी व्हतं," अण्णा म्हणाले. पाण्याच्या काठावर बांधलेल्या बागेला पाणी नाही, यात त्यांना काही वावगं वाटत नव्हतं. तलावाचं पाणी पिण्यासाठी राखलेलं आणि उद्यानाची बोअर कोरडी. मला हसू आलं नाही.

काठाकाठानं चाललो. शेकाट्या लाल काड्यांच्या पायांवर चिखल टोचत होत्या, दोन ढोकरी, एक धोबी पक्षी. एका फाटक्या जाळ्यात पाणकावळा अडकून वाळून गेला होता. पूर्वी थंडीत पट्टकादंब उतरायचे, पहाटे त्यांच्या आवाजानं झोप मोडायची, असं अण्णा सांगत होते. टेकडीवर लांडग्याची जोडी होती. काळवीट बांधापर्यंत यायचे. त्यांचं सगळं बोलणं 'व्हतं'वर संपत होतं. मी दुर्बीण लावून बघत राहिले आणि मला एकदम वाटलं, की मी सगळं उरकल्यावर आलेली पाहुणी आहे.

बेट

सकाळी उन्हाच्या आधी बेटावर गेलो. बेट आता पुरतं बेट राहिलं नव्हतं. एका बाजूला पाणी हटून चिखलाची अरुंद पट्टी उघडी पडली होती. तिच्यावरून जाताना माझी एक चप्पल गाळानं गिळली. अण्णांनी कोपरापर्यंत हात घालून शोधली, मिळाली नाही. "तलावाची ओटी भरली समजा," म्हणाले.

आम्ही चढावर पाय ठेवला आणि आकाश अंगावर आलं. सुरय ओरडत सूर मारून डोक्यापर्यंत यायचे, एकानं अण्णांची टोपी उडवली. मी तिथंच बसले. गाळाच्या भेगाळलेल्या पापुद्र्यावर, बोटभर खळग्यांत अंडी होती. करड्या रंगावर तपकिरी ठिपके, दोन इथं, तीन तिथं, घरटं म्हणावं असं काहीच नाही. पायाखाली येईपर्यंत दिसू नयेत अशी. एका अंड्याला चीर गेली होती आणि आतून बारीक चिवचिव ऐकू येत होती.

आम्ही लांब जाऊन बसलो तशा माद्या परतल्या. एकीनं आधी पाण्यावर जाऊन पोट भिजवलं आणि मग ती अंड्यांवर येऊन बसली. ऊन चढायला लागलं की त्या असं करतात. ओल्या पोटानं अंडी गार ठेवतात. इथं उबवण्यापेक्षा गार ठेवणं अवघड. तासभर जरी आई उठली तरी त्या तापलेल्या गाळावर अंडं आतल्या आत शिजतं.

"आन् उंद्या हितं अख्खं गाव येनार," अण्णा म्हणाले.

तेव्हा मला जत्रेचं खरं कळलं. बेट म्हणजे बुडालेल्या टाकळवाडीचं गावठाण. तलाव आटला की लक्ष्मीआईचा चौथरा वर येतो, आणि चैत्रात ऊसतोडीला गेलेली माणसं परत आली की नव्या टाकळवाडीची माणसं नैवेद्य घेऊन जुन्या गावी येतात. वर्षातून एकदाच.

नवी टाकळवाडी

त्या दुपारी अण्णा मला नव्या गावात घेऊन गेले. पत्र्याची घरं, सरळ गल्ल्या. ऊसतोडीची ट्रॅक्टर-ट्रॉली नुकतीच येऊन टेकली होती, बायका भांडी उतरवत होत्या. कौसाबाई नावाच्या म्हातारीनं आम्हाला पाणी दिलं. लेक-सुनेबरोबर या वयातही ती तोडीला जाते, कोयता झेपत नाही तर मोळ्या बांधते. तळहात उसाच्या पाल्यासारखे खरखरीत झालेले.

तिनं तलावाचा इतिहास सांगितला, तो असा. बहात्तरच्या दुष्काळात काम पाहिजे म्हणून गावानं हात जोडले. काम निघालं ते बांधाचं. कौसाबाई तेव्हा नवी नवरी होती.

"सरकारची सुकडी खाऊन माती वाहिली, बाई. आमीच. कुनाला ठावं, आपलंच घर बुडवाया लागलोय? पानी चढाया लागलं तवा उंबऱ्याला कुकू लावून निगालो."

"मग आता बेटावर घर दिसतं का तुमचं?" मी विचारलं.

"कुटलं? गाळानं समदं सारकं केलंय. मालक गेले हुडकत हुडकत. मी बी दर सालाला हुडकती. लक्षुमीआईच्या उगवतीला व्हतं एवढं ध्यानात हाय. पन उबं कुटं ऱ्हावं त्ये कळंना. मग चौथऱ्याला नारळ फोडून येती."

परतताना अण्णांनी मध्येच जीप थांबवली. "फक्की," म्हणाले. मैदान आखायची पांढरी पूड. तालमीच्या कोठीत तिची पोती होती. प्रत्येक अंड्याच्या जागेभोवती चौकोन आखायचा. "आमच्याकडं शेंबड्या पोराला बी कळतं, रेघंच्या आत पाय टाकला की बाद. मानूस रेघ मोडत न्हाई, विहीणबाई. आन् उंद्या पट्टीवर मी सोता हुबा ऱ्हातो, येनाऱ्या-जानाऱ्याला सांगाया."

मलाही ते पटलं. ऊन कलल्यावर आम्ही दोघं बेटावर गेलो. अण्णांनी दोरी लावून, खुंट्या ठोकून, कबड्डीचं मैदान आखावं तसे काटकोनात चौकोन आखले. पाखरांनी टोचून टोचून त्यांचे कान लाल केले, पण एक रेघ वाकडी नाही. मोठे ऐसपैस चौकोन, माणूस लांबूनच थबकावा म्हणून. काम झाल्यावर ते पट्टीवर उभे राहून बघत होते. अंगभर पांढरी पूड. लग्नात मुलाला घोड्यावर बसवतानासुद्धा मी त्यांना इतकं खूश पाहिलं नव्हतं.

लक्ष्मीआईचा दिवस

सकाळी निघणार तेवढ्यात फोन आला. साहेब आधीच पोचले होते आणि उद्यानात थांबले होते. आता साहेब पहिल्यांदा तलावावर येतात आणि त्यांचा सत्कार नाही, हे त्या मुलखात घडूच शकत नाही. फेटा आणायला माणूस गेला. मग शाल सापडेना. आजी-माजी लोक जमले, प्रत्येकाचं दोन शब्द बोलणं झालं. मलासुद्धा सिमेंटच्या रोहिताशेजारी उभं करून खण-नारळ दिला, 'अण्णांच्या विहीणबाई, खास चिपळूणहून' म्हणून. मी दुर्बिणीतून बेटाकडे बघत होते. वर पांढऱ्या ठिपक्यांचा ढग फिरत होता आणि तो खाली बसत नव्हता.

"अण्णा, चला," मी म्हटलं.

"झालंच. चहा झाला की निगू. सायबांना तसंच कसं न्यावं?"

आम्ही पट्टीवर पोचलो तेव्हा सावली पायाखाली आली होती.

मी वर चढले आणि आधी मला काही कळलंच नाही. बेटावर गाव वसलं होतं. प्रत्येक चौकोनात एकेक कुटुंब बसलं होतं. पण सगळी रेघेच्या आत. रेघ कोणी पायानं पुसली नव्हती. चपला बाहेर सरळ ओळीनं काढल्या होत्या. आत येताना प्रत्येकजण एकाच बाजूनं येत होता, जणू तिथंच दार होतं. चौकोनांमधून ताटं फिरत होती. "आमच्या घरला या की," असं एकीनं दुसरीला हाक मारून म्हटलं. कुठं पुरणपोळी, कुठं दहीभात. लुगड्यांची सावली करून बायका गात होत्या.

अण्णा माझ्या मागं येऊन उभे राहिले. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

मला समजायला वेळ लागला, त्यांना लागला नाही. नव्या गावात प्लॉट वाटले तेव्हा असेच फक्कीचे चौकोन आखले होते. घराची आखणी फक्कीनंच होते. जुन्या गावठाणावर कोणी काटकोनात चौकोन आखून ठेवले, तर त्याचा दुसरा अर्थ गावानं का काढावा? अण्णांनी घरं शोधून दिली, असंच सगळ्यांनी धरलं. त्यातला कोणता चौकोन कोणाचा हे माणसांनी सकाळीच चौथऱ्याच्या दिशा मोजून, थोडं भांडून ठरवलं होतं.

कौसाबाई उगवतीच्या चौकोनात बसली होती. तिच्यासमोर खळग्यात तीन अंडी. त्यांना हळदीकुंकू वाहिलेलं, शेजारी दिवा आणि दहीभाताचं पान. तिनं अंड्यांना हातसुद्धा लावला नव्हता, फार जपून पूजा केली होती.

"बघा बाई," ती मला म्हणाली, "पाखराला बी कळलं. बरुबर देवळीच्या जागी अंडी घातली."

डोक्यावर सुरय ओरडत होते. त्या सुखाच्या गडबडीत त्यांचं ओरडणं वाजंत्रीसारखं वाटत असावं, कोणी वर बघत नव्हतं. काल ज्या अंड्यातून आवाज येत होता ते मी शोधलं. चीर रुंदावली होती. आत चोच दिसत होती, हलत नव्हती. मी गाळाला हात लावला आणि लगेच उचलला. तव्यासारखा तापला होता.

साहेब चांगले गृहस्थ होते. त्यांनी शांतपणे दोन-तीन चौकोन बघितले, कोणाला उठवलं नाही. अण्णांना बाजूला घेऊन एवढंच म्हणाले, "यातून आता काही निघेल असं वाटत नाही. आणि इथं माणसांचा इतका वावर असेल तर मी काय लिहू?" त्यांनी फेटा काढून हातात धरला होता. तसाच घेऊन ते जीपकडे गेले.

मला वाटलं अण्णा ओरडतील. त्यांचा आवाज सभा गाजवलेला. पण तेवढ्यात कौसाबाई उठून आली. तिनं नैवेद्याचं ताट त्यांच्या हातात दिलं आणि वाकून त्यांच्या पायांना हात लावला. वयानं ती मोठी, तरी.

"अण्णा, मालक हुडकून मेले. तुमी दावलंसा. आज मी माज्या घरात जेवले."

अण्णांनी ताट धरलं. मग तिथंच रेघेबाहेर बसून त्यांनी दहीभाताचा घास घेतला. मी तोंड फिरवलं. मला रडू येत होतं आणि ते कोणासाठी हे मला कळत नव्हतं, पाखरांसाठी, का त्या म्हातारीसाठी. दोघांचंही घर एकाच खळग्यात होतं आणि एकाला ते मिळालं तेव्हाच दुसऱ्याचं गेलं.

उन्हं कलली, माणसं पांगली. आम्ही दोघं काठावर बसून राहिलो. सुरय एकेक करून उतरले. उगवतीच्या चौकोनातली मादी पाण्यावर गेली, पोट भिजवलं, आली, आणि विझलेल्या दिव्याशेजारी त्या कुंकवाच्या अंड्यांवर बसली. तिनं पंख जरा पसरून अंडी नीट पोटाखाली घेतली. थोड्या वेळानं उठून पुन्हा पाण्यावर गेली, पुन्हा भिजून आली.

"तिला कदी कळंल?" अण्णांनी विचारलं.

मी त्यांना सांगितलं, की बरेच दिवस कळत नाही.

चिपळूण

परत येऊन आता महिना होत आला. ट्रॅक्टर चढला असेल असं धरूनच मी चालले होते. परवा अण्णांचा फोन आला. ट्रॅक्टर चढला नाही. गावानंच चढू दिला नाही. स्वतःच्या घरावर कोणी रोटाव्हेटर फिरवतं का, असं कौसाबाईनं सभेत विचारलं आणि विषय तिथंच मिटला. बेटावर आता कोणी पेरणार नाही, कधीच नाही. अण्णा जे साहेबांकडून मागत होते ते गावानं आपण होऊन दिलं.

त्यांच्या आवाजावरूनच कळत होतं, की अजून काहीतरी आहे.

पाखरं गेली, ते म्हणाले. पण त्यांना मोकळा गाळ दुसरीकडं कुठं मिळणार, पुढच्या उन्हाळ्यात तिथंच येतील. आणि लक्ष्मीआईचा दिवसही तिथंच येईल. अण्णांनी दोनदा ठरवलं, की गावाला खरं सांगून टाकायचं. दोन्ही वेळा कौसाबाईच्या दारापर्यंत गेले आणि चहा पिऊन परत आले.

"काल तीच आलती घरी," ते म्हणाले. "म्हनली, अण्णा, पावसानं रेघा जातील, म्होरल्या सालाला पुन्ना आखशीला न्हवं? तितंच?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"व्हय म्हनलो," अण्णा म्हणाले.